बाथरूमबाहेरची खुर्ची

भूल देण्याआधी पेशंटला भेटायची माझी खोली एक्स-रे विभाग आणि चादरींचं कोठार यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आहे. टेबल, चार खुर्च्या, वजनकाटा, रक्तदाब मोजायचं यंत्र, एवढं ठेवल्यावर जेमतेम चालायला वाट उरते. भिंतीपलीकडे लिफ्ट आहे. ती वरखाली झाली की माझ्या कपातला चहा थरथरतो.

उद्या ऑपरेशन असलेली माणसं आज इथे येतात आणि मी त्यांना ठरलेले प्रश्न विचारते. दात हलतो का, कवळी आहे का, जिना चढताना दम लागतो का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. सगळ्यांची उत्तरं बहुतेक ‘नाही’ अशीच असतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माणूस इतका ठणठणीत असतो, की मग कापायचं कशाला, असं विचारावंसं वाटतं. म्हणून सगळं झाल्यावर मी एक प्रश्न पेशंटला न विचारता त्याच्याबरोबर आलेल्यांना विचारते.

"घरी यांना कशावरून चिडवता?"

प्रश्न माझा नाही. ज्या बाईंच्या हाताखाली मी हे काम शिकले, त्या तो विचारायच्या. दुखणं माणूस लपवतो, पण घरातली थट्टा चारचौघांत सांगायला कुणालाही आवडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. या एका प्रश्नाने मला घोरणारे सापडले आहेत, आणि घोरणाऱ्यांचा श्वास भुलेखाली अडू शकतो. घास तोंडात असताना झोपणारे सापडले आहेत. एका आजोबांना नातवंडं ‘इंजिन’ म्हणत होती. मी त्यांना दोन जिने चढायला लावलं, आणि त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन बाजूला ठेवून आधी हृदयाकडे बघावं लागलं.

एके दिवशी शेवटचे आले ते लिफ्टकाका. आमच्या हॉस्पिटलच्या दोन्ही लिफ्टची देखभाल तेच करतात, म्हणून झाडून सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. पन्नाशी उलटलेली, अंगाने सडपातळ, हाताला तेलाचा वास. बोलणं मोजकं. त्यांच्या एका बाजूला काकू बसल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला काकूंचा धाकटा भाऊ, गोलमटोल आणि हसतमुख.

लघवीतून दोनदा रक्त गेलं म्हणून काका आमच्या सर्जनकडे आले होते. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या भिंतीला एक गाठ दिसली. सर्जनने दुर्बीण आत घालून ती डोळ्यांनी बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीच्या वाटेनेच आत जाऊन ती खरवडून काढायची होती. अशी ऑपरेशनं आमच्याकडे आठवड्याला पाच-सहा होतात. आमच्या सर्जनला मागून सगळे ‘फटाफट’ म्हणतात, कारण चहा निवायच्या आत त्याची केस संपलेली असते. हात चांगला आहे, म्हणून कुणी तक्रार करत नाही.

काकांनी माझ्या सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ म्हटलं. मग मी काकूंना विचारलं.

"यांना होय?" काकूंचा चेहरा खुलला. "एखादी गोष्ट असेल तर सांगू ना! अहो, दुकानात गेले तरी लिफ्टची दारं ठोकून बघतात."

"ताई, खुर्चीचं सांग की," भाऊ म्हणाला.

काकांनी मान खाली घातली. "तुम्हांला दुसरा विषय नाही का?"

"डॉक्टर विचारतायत भावोजी, आम्ही काय करणार?"

"त्याचं असं आहे," काकू पुढे सरकल्या. "आमच्या बाथरूमबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची असते. हे लघवीला जाऊन आले की त्या खुर्चीत बसतात. दहा-दहा मिनिटं. बोलायचं नाही, हलायचं नाही. चेहरा भिंतीसारखा पांढरा, आणि घामाने बनियन ओलं. मी म्हणते, अहो, आत भूत दिसलं का?"

"मी म्हणतो, भावोजी आत जाऊन पोती उचलतात," भाऊ म्हणाला. "पाहुणे आले की ताई खुर्ची उचलून ठेवते. मग हे भिंतीला टेकून उभे. शिक्षा केल्यासारखे!"

दोघं हसले. मीही हसायला लागले होते, पण हसू अर्ध्यातच थांबलं.

"दर वेळी होतं असं?"

"दर वेळी नाही," काकू म्हणाल्या. "पण बाहेरून येईपर्यंत धरून ठेवली असली, तर हमखास."

"किती वर्षं?"

"दोन तरी झाली असतील. का हो?"

"काका, त्या वेळी छातीत धडधडतं? डोकं ठणकतं?"

"तसं काही नाही," काका भिंतीकडे बघत म्हणाले. भिंतीपलीकडून लिफ्ट गेली. "जरा थकवा येतो. वय झालं."

ते खोटं बोलत आहेत हे दिसत होतं. का बोलत आहेत, ते कळत नव्हतं. उलटतपासणी करण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी विचारलं, "आत्ता लघवी लागली आहे का?"

"लागली आहे. सकाळपासून तुमच्याच मोठ्या लिफ्टच्या खड्ड्यापाशी होतो."

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी?" मी म्हटलं.

"उतरलो नाही," ते पटकन म्हणाले. "जोडीदार उतरला होता. मी वरून सांगत होतो."

मी त्यांचा रक्तदाब मोजला. त्यांच्या वयाला चालेल असा होता. मग आमची वरात बाथरूमकडे निघाली. पुढे काका, मागे यंत्र घेऊन मी, माझ्या मागे प्लास्टिकची खुर्ची उचललेल्या सिस्टर, आणि सर्वांत मागे बहीण-भाऊ. सिस्टरची सेवानिवृत्ती जवळ आली आहे आणि त्यांना आता कशाचंच नवल वाटत नाही. तरी त्यांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, दाराबाहेर उभं राहून नक्की काय मोजायचं आहे?"

"बाहेर आले की लगेच पट्टा बांधू."

काका आत गेले. पाणी ओतल्याचा आवाज झाला, पण दार उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा त्यांनी एका हाताने चौकट घट्ट धरली होती. ओठसुद्धा पांढरे पडले होते. कपाळावरून घामाचे ओघळ येत होते. सिस्टरनी खुर्ची सरकवली आणि त्यांना दंडाला धरून बसवलं. मी पट्टा बांधला. यंत्राचे आकडे चढत गेले आणि दोनशे तीसवर थांबले. मी दुसऱ्या हाताला पट्टा बांधून पुन्हा मोजलं. जवळजवळ तेवढाच आला. नाडी बोटाखाली उड्या मारत होती.

भाऊ हसायचं विसरला होता. "भावोजी?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

दहा मिनिटांत रंग परतला, आकडे आपोआप खाली आले. काकूंनी म्हटलं होतं, अगदी तसं.

मी सर्जनला फोन केला. "उद्याची पहिली केस रद्द करायला लागेल."

"मॅडम, त्या माणसाला मी शब्द दिलाय. आणि अर्ध्या तासाचं काम आहे."

"खाली या. फोनवर सांगण्यासारखं नाही."

फटाफट खाली आला तो जिन्यावरून धडधडतच. खुर्चीत बसलेल्या काकांकडे त्याने बघितलं, माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेले दोन आकडे बघितले, आणि त्याची घाई एकदम उतरली. "दुर्बिणीच्या वेळी पण चढलं होतं बीपी," तो हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं, घाबरलेत. तसं मी म्हणालोही." मग म्हणाला, "गाठ गुळगुळीत होती. नेहमीची गाठ पाण्यातल्या शेवाळासारखी असते, झालरीझालरींची. ही आतून ढकलून वर आल्यासारखी, वरचं अस्तर शाबूत. मी म्हटलं, असेल एखादी वेगळी."

"वेगळीच आहे," मी म्हटलं.

माझ्या खोलीत परत आल्यावर आम्ही दोघांनी त्यांना सांगितलं की उद्या ऑपरेशन होणार नाही. काकूंचा चेहरा क्षणात उतरला.

"हाताबाहेर गेलंय का? खरं सांगा. माझ्यापासून लपवू नका."

"नाही काकू."

"मग थांबायचं कशाला? गाठ आहे ती! आज एवढी आहे, उद्या तेवढी होईल. काल म्हणालात लवकर काढू, आज म्हणता थांबू. पोटात गाठ घेऊन माणसाने घरी जायचं?"

"ताई, बोलू दे त्यांना," भाऊ म्हणाला.

मी खुर्ची ओढून काकांच्या समोर बसले. "आपण खूप घाबरलो की शरीर रक्तात एक रसायन सोडतं. त्याने छाती धडधडते, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो, रक्तदाब चढतो. ते तयार करणाऱ्या पेशी मूत्रपिंडाच्या वर असतात. क्वचित, अगदी क्वचित, तसल्याच पेशींची गाठ भलत्या जागी होते. तुमची मूत्राशयाच्या भिंतीत असावी असा मला संशय आहे. लघवी करताना मूत्राशय आकसतं, गाठ पिळली जाते आणि ते रसायन एकदम रक्तात जातं. तपासणीत नक्की कळेल."

"आणि उद्या काढली असती तर?" काकूंनी विचारलं.

मी सर्जनकडे बघितलं. सांगायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. "लघवीने नुसती पिळली जाते तरी एवढं होतं. मी तर खरवडणार होतो. आधी औषधं न देता हात लावला असता, तर मेंदूत रक्तस्राव झाला असता, नाहीतर हृदय थांबलं असतं. टेबलावरच. काही आठवडे थांबल्याने एवढा धोका नाही. घाईत होता."

काकूंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मग इतका वेळ गप्प असलेले काका पुढे वाकले.

"मॅडम, एक विचारू? म्हणजे मी घाबरत नव्हतो?"

"म्हणजे?"

"तीस वर्षं झाली लिफ्टच्या खड्ड्यांत उतरतोय. दहाव्या मजल्यावर दोराला लटकून काम केलंय, कधी काही वाटलं नाही. आणि दोन वर्षांपासून हे असं. छाती अशी धडधडायची, की वाटायचं, आता मेलो. कारण काही नाही! बाथरूममध्ये घाबरायला काय आहे? मला वाटलं, हिंमतच संपली माझी. असा माणूस खाली उतरला आणि हात कापला, तर जोडीदाराचा जीव जायचा. म्हणून मी उतरणंच सोडलं." त्यांनी बायकोकडे बघितलं नाही. "आणि ह्यांची थट्टा ऐकली की वाटायचं, बरोबरच आहे."

"अहो, पण एका शब्दाने सांगायचंत ना मला!" काकू म्हणाल्या.

"काय सांगू? लघवीला जायची भीती वाटते म्हणून?"

"तुम्ही घाबरत नव्हता काका," मी म्हटलं. "गाठ तुमच्या अंगाला घाबरवत होती. तुमचा त्यात काही संबंध नव्हता."

ते खुर्चीत मागे टेकले. निदान अजून पक्कं व्हायचं होतं, ऑपरेशन व्हायचं होतं, धोका जागच्या जागी होता. तरी त्या माणसाचे खांदे माझ्यासमोर सैल झाले. "बटण आत अडकलंय तर," ते स्वतःशीच म्हणाले. "कुणी बोलावलेलं नसताना लिफ्ट सारखी वर. आणि मी आपला मोटर तपासत बसलो."

तपासण्यांनी संशय खरा ठरवला. रसायनाचं प्रमाण लघवीत आणि रक्तात कितीतरी पट होतं, आणि सगळ्या अंगाच्या स्कॅनमध्ये ती एकच गाठ दिसली, दुसरीकडे कुठेही नाही. मग गोळ्या सुरू झाल्या. त्या रसायनाला रक्तवाहिन्या आवळू देत नाहीत. सैल झालेल्या वाहिन्या भराव्यात म्हणून भरपूर पाणी प्यायचं आणि जेवणात मीठ वाढवायचं. लघवी अजिबात धरून ठेवायची नाही. बाकी डोस हळूहळू वाढवत नुसतं थांबायचं, आणि काकूंना नेमकं ते थांबणंच कठीण जात होतं.

एका दुपारी त्यांचा फोन आला. "मॅडम, यांचं नाक चोंदलंय. सर्दी नाही, ताप नाही, नुसतं चोंदलंय. आणि पटकन उठले की गरगरतं."

"अरे वा, छान!" मी म्हटलं.

"छान काय त्यात?"

"औषध लागू पडल्याची खूण आहे ती. नाकातल्या रक्तवाहिन्या सैल झाल्या की नाक चोंदतं. उठताना सावकाश उठू दे, आणि उद्या दाखवायला या."

"अहो, ऐकलंत का?" त्या फोन न ठेवताच ओरडल्या. "नाक चोंदलं ते चांगलं झालं म्हणतायत!" मागून काकांचा नाकातला आवाज आला, "मग आता काय, पेढे वाटू?"

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना स्ट्रेचरवरून त्यांच्याच लिफ्टमधून वर नेलं. मी बरोबर होते. दुसऱ्या मजल्याजवळ काहीतरी घासल्याचा आवाज आला. काका आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "डावीकडचा गाईडचा रूळ कोरडा पडलाय. जोडीदाराला सांगा, उद्या तेल घाल म्हणावं."

"तुम्हीच सांगा. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर असाल."

या वेळी वाट वेगळी होती. पोट उघडून, मूत्राशयाच्या भिंतीचा थोडा भाग घेऊन गाठ अखंड काढायची. त्यांच्या मनगटाच्या धमनीत बारीक नळी होती, ठोक्याठोक्याला रक्तदाब माझ्यासमोर उमटत होता. औषधांच्या सिरिंज पंपावर लावून तयार होत्या.

"हात लावतोय," सर्जन म्हणाला.

आकडा एकशे चाळीसवरून एकशे नव्वदवर गेला. "थांबा," मी म्हटलं.

फटाफट थांबला. दोन्ही हात वर उचलून, एक शब्द न बोलता उभा राहिला. मी पंपाचा वेग वाढवला. आकडा रेंगाळला, मग उतरायला लागला. "चालू द्या." पुन्हा चढला, पुन्हा "थांबा". असं कितीतरी वेळा झालं, मी मोजलं नाही. ज्या माणसाला चहा निवायच्या आत केस संपवायची सवय, तो त्या दिवशी सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीसारखा दर वेळी निमूट थांबत होता. औषधांची तयारी नसती, तर हाच आकडा कुठे गेला असता, हा विचार मी बाजूला ठेवला.

"शेवटची शीर बांधतोय. आता तुमची पाळी."

ते बरोबर होतं. गाठीची शीर बांधली की रसायन एकदम बंद होतं आणि रक्तदाब कोसळतो. आम्ही आधीच सलाईन जोरात सोडलं होतं. आकडा ऐंशीपर्यंत घसरला, मी औषध बदललं, तो तिथे जरा घुटमळला आणि सावकाश वर आला. एकशे दहा. एकशे पंधरा. मग मात्र तो तिथेच राहिला. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

सिस्टरनी ट्रेमध्ये गाठ ठेवली. अक्रोडापेक्षा लहान, पिवळट तपकिरी. "एवढीशी!" त्या म्हणाल्या. नवल न वाटणाऱ्या सिस्टरसुद्धा.

सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत निदान पक्कं झालं आणि कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे गाठीचं आत काही उरलं नव्हतं. अशा गाठी पुन्हा येणारच नाहीत असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, म्हणून काकांना दर वर्षी तपासणीला यावं लागेल. कधीकधी त्या घराण्यातही असतात, म्हणून त्यांच्या भावंडांचीही तपासणी करायला सांगितली. काकूंना हे सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "वर्षातून एकदा ना? रोज या म्हणालात तरी येऊ."

मूत्राशयाची जखम भरून यावी म्हणून लघवीची नळी दहाएक दिवस होती. ती काढली त्या सकाळी वॉर्डच्या बाथरूमबाहेर पुन्हा वरात जमली. मी यंत्र घेऊन. सिस्टर खुर्ची घेऊन. काकू, भाऊ. सर्जनही होता, "इकडूनच चाललो होतो" म्हणत, हलायचं नाव न घेता.

काका आत गेले. नळी काढल्यावर पहिल्यांदा वेळ लागतो, हे मला माहीत आहे. तरी तो वेळ मला फार लांब वाटला. भाऊ दाराकडे टक लावून बघत होता, काकू जमिनीकडे. आतून पाण्याचा आवाज आला. काकूंनी माझा दंड धरला, आणि मला वाटतं, त्यांना स्वतःला ते कळलं नाही.

दार उघडलं. काका बाहेर आले. चौकट धरली नव्हती. एक हात टाक्यांवर होता, एवढंच. चेहऱ्यावर नेहमीचा सावळा रंग, कपाळ कोरडं. मी उभ्या उभ्याच पट्टा बांधला. रक्तदाब आत जाण्याआधी जेवढा होता, तेवढाच. दोन आकड्यांचा फरक, तोही खालच्या बाजूला.

"किती?" सर्जनने विचारलं. मी सांगितलं. तो मान हलवून निघून गेला, आणि जिन्यावरून त्याची पावलं नेहमीसारखी धडधडत खाली गेली.

सिस्टरनी सवयीने खुर्ची पुढे केली. काकांनी खुर्चीकडे बघितलं. बसावं की नाही, अशा विचारात ते थोडा वेळ उभे राहिले. "नको," ते म्हणाले. "पाय ठीक आहेत."

तेवढ्यात खुर्चीचे पाय कुरकुरले. काकू तिच्यात बसल्या होत्या. चेहरा पांढरा फटक, कपाळावर घाम. दोन्ही हात मांडीवर सोडून त्या नवऱ्याकडे नुसत्या बघत होत्या.

काका सावकाश, टाके सांभाळत त्यांच्यापुढे वाकले.

"काय गं," ते म्हणाले, "भूत दिसलं का?"

"हो," काकू म्हणाल्या. "बसू द्या मला. मी जरा बसते."